पेटंटवरची हरकत महाग कशाला करता?

२०२३-२४ या आर्थिक वर्षात भारतीय पेटंट कार्यालयाने १,०३,०५७ पेटंट मंजूर केली. आदल्या वर्षीचा आकडा होता ३४,१३४. वर्षभरात तिप्पट झालेली ही संख्या जाहीर झाली आणि अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. एका तटाने देश संशोधनात महासत्ता झाल्याच्या थाटात पेढे वाटले. दुसऱ्याने जुनं पालुपद आळवलं: पेटंट म्हणजे परदेशी कंपन्यांना लुटीचा परवाना, मग ती जास्त दिली काय नि कमी दिली काय. या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूलाच पडला. या लाखभर पेटंटांपैकी मुळात द्यायच्या लायकीची किती होती?

पेटंट हा एक सौदा असतो. शोधकाने आपली युक्ती जगापुढे उघड करायची आणि त्या बदल्यात समाजाने त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं इतरांना अडवण्याचा हक्क द्यायचा. जे आधीच सगळ्यांना ठाऊक होतं त्यावर पेटंट दिलं गेलं, तर समाजाने हक्क दिला आणि हाती काहीच आलं नाही, असा आतबट्ट्याचा व्यवहार होतो. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. पेटंटचा दर्जा ठरतो तो ‘हे नवं नाही’ असं पुराव्यानिशी सांगणारा माणूस मंजुरीच्या आधी, फारसा खर्च न करता पुढे येऊ शकतो का, यावर. अर्ज किती झपाट्याने निकाली निघाले हा त्यानंतरचा प्रश्न. असा माणूस पुढे यावा याची सोय आपल्या कायद्यात आहे, आणि २०२४ पासून आपण ती आवळायला सुरुवात केली आहे. तीही सुधारणेच्या नावाखाली.

ही सोय पेटंट कायद्याच्या कलम २५(१) मध्ये आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही त्यावर लेखी हरकत घेऊ शकतो. स्पर्धक कंपनी घेऊ शकते, रुग्णांची संघटना घेऊ शकते, एखादा विद्यार्थीही घेऊ शकतो. तिला शुल्क नव्हतं. १५ मार्च २०२४ ला अधिसूचित झालेल्या नियमांनी हरकतीला शुल्क लावलं आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी कंट्रोलरने, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने, ठरवायचं, अशी चाळणी बसवली. गावातली पद्धत पाहा: सातबाऱ्यावर फेरफार धरला की तलाठी संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. फेरफार रखडतात म्हणून हरकतीवर फी लावा, असं गावात कोणी म्हणालं तर लोक त्याच्या हेतूबद्दलच शंका घेतील. पेटंटच्या बाबतीत मात्र हाच युक्तिवाद चर्चासत्रांतून गंभीर चेहऱ्याने मांडला जातो.

त्या युक्तिवादात तथ्य नाही असं मुळीच नाही. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये मांडलेल्या टिपणानुसार भारतात पेटंट अर्जाचा निकाल लागायला सरासरी ५८ महिने लागत होते. चीनमध्ये २०, अमेरिकेत २३. जवळजवळ पाच वर्षं! मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणजे वीसपैकी पाच वर्षं नुसती वाट पाहण्यात गेली. पुण्यातल्या एखाद्या नवउद्योजकाने बॅटरीचं काही नवं तंत्र शोधलं, तर पेटंट हातात येईपर्यंत ते तंत्रच शिळं झालेलं असेल. गुंतवणूकदार ‘अर्ज प्रलंबित आहे’ या वाक्यावर पैसे लावत नाही. तेव्हा वेगाची मागणी करणारे सगळे बड्या कंपन्यांचे हस्तक आहेत, असं म्हणणं हा निव्वळ आळस आहे.

पण हा विलंब हरकतींमुळे झाला का? त्याच टिपणात दुसरा आकडा आहे. मार्च २०२२ अखेर भारताच्या पेटंट कार्यालयात परीक्षक आणि कंट्रोलर धरून ८६० माणसं होती. चीनमध्ये १३,७०४ आणि अमेरिकेत ८,१३२. बहुतेक अर्जांवर कोणी हरकत घेतच नाही. त्यांच्या वाट्याला येते ती फक्त रांग. २०२३ मध्ये परीक्षकांच्या ५५३ जागांची जाहिरात निघाली हे चांगलंच झालं, पण परीक्षक रुजू झाला की दुसऱ्या दिवशी तयार होत नाही. वर्षाला कामाचे अडीचशे दिवस धरले, तर १,०३,०५७ म्हणजे दिवसाला चारशेहून जास्त मंजुऱ्या. नामंजूर झालेले आणि सोडून दिलेले अर्ज वेगळेच. साचलेलं काम उपसलं गेलं असेल, त्यात गैर काही नाही. तरी एका अर्जामागे किती तास मिळाले, हे कार्यालयाने सांगायला नको का? अमेरिकेत एका अर्जावर परीक्षकाला सरासरी १९ तास मिळतात असं तिथल्या अभ्यासकांनी मोजलं आहे, आणि ते फार अपुरे आहेत अशी तिथली तक्रार आहे. आपल्याकडे तक्रार करायला आकडाच नाही.

घाई आणि तपासणी यांची ओढाताण काही आजची नाही. अमेरिकेच्या १७९० च्या पहिल्या पेटंट कायद्यानुसार परराष्ट्रमंत्री, युद्धमंत्री आणि ॲटर्नी जनरल हे स्वतः अर्ज तपासत. परराष्ट्रमंत्री होते थॉमस जेफरसन. राज्यकारभार सांभाळून यंत्रं तपासायची म्हणजे काय होणार? तीन वर्षांत जेमतेम पन्नास-साठ पेटंट निघाली आणि शोधक वैतागले. म्हणून १७९३ मध्ये कायदा बदलला आणि तपासणीच काढून टाकली. अर्ज करा, शुल्क भरा, पेटंट घेऊन जा. वेगाच्या भक्तांना याहून आदर्श व्यवस्था सापडायची नाही. ती ४३ वर्षं चालली. तिची फळं १८३६ मध्ये सिनेटर जॉन रगल्स यांच्या समितीने मांडली: एकमेकांवर चढलेली पेटंट, कवडीमोलाची पेटंट, दुसऱ्याचं यंत्र स्वतःच्या नावावर करून गावोगाव त्याचे हक्क विकणारे भामटे, आणि या सगळ्यातून उभे राहिलेले खटले. त्याच वर्षी जुलैत नवा कायदा आला, प्रशिक्षित परीक्षकांकडे तपासणी सोपवली गेली आणि पेटंटचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले. पहिला क्रमांक मिळाला खुद्द रगल्स यांनाच, रेल्वे इंजिनाच्या चाकांसाठी. राजकारणी तिथेही राजकारणीच, पण कायदा चांगला झाला.

तपासणीवर फार वेळ घालवू नये असं म्हणणाऱ्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा वेगळाच आहे. अमेरिकी कायदेतज्ज्ञ मार्क लेमली यांनी तो २००१ मध्ये मांडला. बहुतांश पेटंटांना पुढे कोणी विचारतही नाही. ना ती कोणी विकत घेत, ना त्यांवर खटला होत. मग प्रत्येक अर्जावर आठवडाभर डोकं खपवायचं कशाला? वरवर तपासा, देऊन टाका आणि ज्या मूठभर पेटंटांवरून खरंच भांडण होईल ती कोर्टात कसून तपासा. हिशेब म्हणून हे बिनतोड वाटतं. झोका बाजूला कसा घ्यावा यावर अमेरिकेने २००२ मध्ये पेटंट दिलं होतं, अर्जदार होता पाच वर्षांचा मुलगा. पुढे फेरतपासणीत ते रद्द झालं. मधल्या काळात कोणाचं काय बिघडलं? काहीच नाही.

पण कोर्टात गेलेल्यांचं काय झालं ते पाहा. जॉर्ज सेल्डन नावाच्या वकिलाने १८७९ मध्ये मोटारगाडीवर पेटंट मागितलं, अर्जात दुरुस्त्या करत ते लांबवलं आणि १८९५ मध्ये मिळवलं. नंतर बहुतेक कारखानदार मुकाट्याने रॉयल्टी भरत राहिले. हेन्री फोर्डने नकार दिला. १९०३ ला सुरू झालेला खटला १९११ मध्ये अपिलात फोर्डच्या बाजूने संपला, तेव्हा पेटंटची मुदत संपायला वर्षभरच उरलं होतं. फोर्ड आठ वर्षं टिकला कारण त्याच्याकडे पैसा आणि हेका दोन्ही होतं. ब्लॅकबेरी फोनच्या वेळी तर कहरच झाला. एनटीपी ही स्वतः काहीही न बनवणारी कंपनी. तिची पेटंट फेरतपासणीत एकामागून एक बाद ठरत होती, आणि इकडे कोर्टाची बंदी डोक्यावर टांगलेली असल्याने ब्लॅकबेरीच्या कंपनीने २००६ मध्ये ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. वरवर तपासलेलं पेटंट असं वसूल होतं. त्यात कोर्टाचा अंतिम निकाल लागावाच लागत नाही, नोटीस पुरते. इचलकरंजीतल्या यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदाराला अशी नोटीस आली, तर तो पेटंट रद्द करायला उच्च न्यायालयात जाईल की पैसे देऊन मोकळा होईल? पेटंटचे वाद ऐकणारं स्वतंत्र अपील मंडळही आपण २०२१ मध्ये गुंडाळलं आहे. लेमलींच्या हिशेबात खटल्यांचा खर्च धरला होता. खटल्याच्या धास्तीने जे लढतच नाहीत, त्यांचा खर्च कुठल्या रकान्यात मांडायचा?

आता हळद आणि कडुलिंब. या दोन गोष्टी आपण अभिमानाच्या म्हणून इतक्या वेळा सांगितल्या आहेत की त्यांतला खरा धडा हरवून गेला. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून येते यावर अमेरिकी पेटंट मिळालं. त्याच वर्षी डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेचे महासंचालक झाले. मूळ गाव गोव्यातलं माशेल, त्यामुळे हळदीचा लेप त्यांना पुस्तकात शोधावा लागला नसणार. पण अमेरिकी कार्यालयापुढे लागला! त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर किंवा माहिती पेटंट अडवायला चालत नसे, छापील मजकूर लागे. कोट्यवधी घरांतला रोजचा वापर कायद्याच्या नजरेत शून्य. मग सीएसआयआरने संस्कृत, उर्दू, हिंदीतले संदर्भ आणि १९५३ च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख असे बत्तीस पुरावे जोडले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. अर्ज करणारे दोघेही भारतीय वंशाचे होते, त्यामुळे ‘गोऱ्यांनी हळद चोरली’ ही आपली आवडती मांडणी तशीही लंगडीच पडते. अमेरिकेतला परीक्षक मूर्ख नव्हता, लबाडही नव्हता. त्याच्या टेबलावरच्या साठ्यात ही माहिती नव्हती आणि ती आणून देणारा माणूस मंजुरीच्या आधी त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हता.

कडुलिंबाचं प्रकरण याहून बोलकं आहे. कडुलिंबाच्या तेलापासून बनवलेल्या बुरशीनाशकावर अमेरिकी कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळालं. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा, युरोपीय संसदेतला हरित गट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी विरोध नोंदवला. घोषणा पुष्कळ झाल्या, पण म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयात पारडं फिरवलं ते एका साध्या साक्षीने. महाराष्ट्रातल्या एका उद्योजकाने सांगितलं की पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात अशाच अर्काच्या फवारणीच्या चाचण्या शेतांवर झाल्या होत्या. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं. कंपनीच्या बाजूने अपील झालं आणि ते मार्च २००५ मध्ये फेटाळलं गेलं. सांगलीच्या शिवारात काय फवारलं गेलं हे म्युनिकच्या परीक्षकाला कुठल्याही संगणकात सापडणार नव्हतं. ते माहीत असलेला माणूस हवा होता. युरोपात विरोधाची सोय मंजुरीनंतर नऊ महिन्यांत आहे, म्हणून हे सगळं व्हायला मंजुरीपासून साडेदहा वर्षं लागली. आपल्याकडे तीच सोय मंजुरीच्या आधी आहे. जगात बऱ्याच देशांनी ती काढून टाकली किंवा कधी ठेवलीच नाही. आपण ठेवली, आणि २००५ च्या दुरुस्तीत औषध बनवण्याच्या कृतीवरच नव्हे, तर खुद्द औषधावरही पेटंट देणं भाग पडलं तेव्हा विचारपूर्वक ठेवली.

तिचा उपयोग काय झाला याचं ताजं उदाहरण मुंबईतच घडलं. बेडाक्विलिन हे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचं औषध. मूळ रेणूवरचं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच्या क्षाररूपावर वेगळं पेटंट मागितलं होतं, ते मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. २०१९ मध्ये दोन महिलांनी हरकत घेतली, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची. दोघीही क्षयातून वाचलेल्या, आणि दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या औषधांच्या दुष्परिणामाने गेलेली. २३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज नामंजूर केला. माहीत असलेल्याच रेणूचं नवं रूप पुढे केलं तर त्याने उपचारातला गुण वाढतो हे दाखवावं लागतं, असं कलम ३(ड) सांगतं. ग्लिवेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाच्या प्रकरणात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. कलम कागदावर सगळ्यांसाठी आहे, पण या अर्जात त्याच्याकडे बोट दाखवायला कोणीतरी लागलंच ना? उलट बाजूला अमेरिकेत ह्युमिरा हे संधिवाताचं औषध आहे. मुख्य पेटंट २०१६ मध्ये संपलं, तरी कंपनीने शंभराहून जास्त पेटंटांचं कुंपण घातलं होतं. युरोपात त्याला २०१८ मध्ये स्पर्धक आले, अमेरिकेतल्या रुग्णाला २०२३ उजाडावं लागलं.

हरकतींचा गैरवापर होतो, हेही खरं आहे. एक फेटाळली की दुसऱ्याच नावाने नवी, असं करून अर्ज वर्षानुवर्षं लटकवणारे आहेत. पुढे केलेल्या माणसामागे खरा स्पर्धक कोण आहे हे लपवलं जातं, आणि न्यायालयांनी अशा बेनामी विरोधकांवर ताशेरेही ओढले आहेत. बेडाक्विलिनची हरकतही चार वर्षं पडून होती. पण शुल्क लावल्याने यातलं नेमकं काय सुटतं? ज्या कंपनीला अब्जावधींची बाजारपेठ अडवायची आहे, तिच्या वकिलाच्या एका तारखेच्या फीपुढे हे शुल्क किरकोळ. अडतो तो रुग्णगट, शेतकऱ्यांची संस्था, एकटा अभ्यासक. गैरवापर करणारा आत आणि ज्याच्यासाठी दार ठेवलं तो बाहेर, अशी ही युक्ती आहे. त्याऐवजी हरकत कोणाच्या पैशाने घेतली जाते हे जाहीर करायला लावा. तीच कारणं पुन्हा मांडणारी हरकत एका ओळीत फेटाळा. लबाडी सिद्ध झाली तर जबर दंड करा. आणि कार्यालयाने हरकत किती महिन्यांत निकाली काढायची याची मुदत कायद्यात घाला. सध्या घाई फक्त हरकत घेणाऱ्याने करायची असते.

पेटंटच नकोत म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की तो प्रयोग झालेला आहे. हॉलंडने १८६९ मध्ये पेटंट कायदाच रद्द केला आणि १९१२ पर्यंत त्याविना काढली. त्या काळात तिथे फिलिप्सची बल्बची कंपनी उभी राहिली, म्हणजे आकाश काही कोसळलं नाही. पण आपला अनुभव वेगळा आहे. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी पेटंट कायद्यावरच्या १९५९ च्या अहवालात दाखवलं की भारतातली ८० ते ९० टक्के पेटंट परदेशीयांची होती आणि त्यांतली बहुतेक इथे वापरलीच जात नव्हती. तरीही त्यांनी पेटंट मोडीत काढा असं सुचवलं नाही. काय द्यायचं नि काय नाही याची रेघ नीट आखा म्हणाले, आणि त्यातून १९७० चा कायदा आणि आपला औषधउद्योग उभा राहिला. पेटंट घेतलं पण इथे वापरलं का, हे दरवर्षी सांगायला लावणारा फॉर्म २७ त्याच विचारातून आलेला. २०२४ च्या नियमांनी तोही तीन वर्षांतून एकदा केला आहे. यावर दोन्ही तटांपैकी कोणी फारसं बोललं नाही.

आणि आकड्यांची हाव जिथून सुरू होते तिकडेही बघायला हवं: आपली महाविद्यालयं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापकाच्या गुणांकनात पेटंटला गुण आहेत. संस्थांच्या मानांकनात पेटंट मोजली जातात, आणि २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. परिणाम कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फलकावर वाचायला मिळतो: ‘आमच्या प्राध्यापकांची इतकी पेटंट प्रसिद्ध’. अर्ज केला की तो अठरा महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, जादा पैसे भरले तर त्याआधीच. त्यात तपासणीचा काडीचाही संबंध नाही. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरल्याबद्दल हार घालून घेण्यासारखं हे आहे, आणि हे सगळे अर्ज त्याच थकलेल्या परीक्षकाच्या टेबलावर जाऊन पडतात. चीनने हा खेळ आपल्याआधी आणि आपल्याहून मोठ्या प्रमाणावर खेळला. अनुदानाच्या लोभाने अर्जांचा पूर आला, आणि २०२१ मध्ये तिथल्या कार्यालयानेच अर्जावरची अनुदानं जूनअखेर बंद करायला आणि मंजुरीवरची २०२५ पर्यंत संपवायला सांगितलं.

आपल्याला एवढी वाट पाहायची गरज नाही. अर्जावरची सवलत खुशाल राहू द्या, पण गुण आणि मानांकन देताना प्रसिद्ध झालेला अर्ज शून्य धरा. मंजूर पेटंट तेव्हाच मोजा, जेव्हा संस्थेने ते सवलत न घेता, पूर्ण शुल्क भरून निदान चार-पाच वर्षं जिवंत ठेवलेलं असेल. ज्या शोधाचं नूतनीकरण करायला त्याच्या मालकालाच पैसे खर्चावेसे वाटत नाहीत, त्यावर देशाने फुशारकी कशाला मारायची? यासाठी संसदेत विधेयक आणावं लागणार नाही. यूजीसीने आणि मानांकन ठरवणाऱ्यांनी एक परिपत्रक काढलं तरी पुरे, आणि पेटंट कार्यालयाने वार्षिक अहवालात दर परीक्षकामागे किती अर्ज निकाली निघाले, किती नाकारले आणि दिलेल्यांपैकी किती नंतर रद्द झाले, हे तीन रकाने मंजुरीच्या आकड्याशेजारी छापायला घ्यावेत.